साखळीचा घसारा आणि वंगणाची निवड

दुकानातील यंत्रसामग्री, वाहने, फर्निचर या साऱ्यांचा घसारा वर्षअखेरीस ताळेबंदात न चुकता धरला जातो. मुलासाठी हौसेने घेतलेल्या गिअरच्या सायकलीचा घसारा मात्र कोणी मोजत नाही. व्यापारी कुटुंबांतून सायकल पुन्हा दिसू लागली आहे. पहाटे व्यायामासाठी निघणारे गृहस्थ आणि शिकवणीला जाणारी मुले चांगल्या किमतीच्या सायकली वापरतात. साखळी करकरू लागली की घरातील कोणीतरी शिवणयंत्राच्या तेलाची बाटली आणतो, साखळीवर धार धरतो, आवाज थांबतो आणि विषय तेथेच संपतो. पुढे एखाद्या चढावर पायडलवर जोर देताच साखळी दात्यांवरून सटकते, स्वार तोल जाऊन पडता पडता वाचतो, आणि मिस्त्री सांगतो की केवळ साखळी नव्हे, तर मागील चक्रांचा संपूर्ण संच बदलावा लागेल. हा संच बहुधा साखळीहून बराच महाग असतो. आवाज थांबला म्हणजे वंगण झाले, ही समजूत या खर्चाच्या मुळाशी असते.

सायकलीची आजची साखळी ही हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस अभियंत्याने १८८० मध्ये मँचेस्टर येथे सिद्ध केलेल्या रोलर साखळीची वंशज होय. एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, सर्वसाधारण सायकलीत अशा ११० ते ११६ कड्या असतात. साखळी चक्रावर चढताना आणि उतरताना प्रत्येक कडी आपल्या पिनेभोवती वळते. खरी झीज होते ती तेथे, रोलरच्या आड, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी. ‘साखळी ताणली’ असे आपण म्हणतो, परंतु पोलाद ताणले जात नाही. शंभरावर पिना केसभर झिजतात आणि त्या झिजेची बेरीज लांबीत दिसते. म्हणून वंगण पोहोचायला हवे ते पिनेपर्यंत. बाहेरच्या पट्ट्यांवर चकाकणारे तेल गंज थोडा रोखते, आणि धूळ मात्र भरपूर गोळा करते.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक जेम्स स्पायसर यांच्या चमूने १९९९ च्या सुमारास साखळीतील ऊर्जेची हानी मोजली. अनुकूल स्थितीत साखळीची कार्यक्षमता ९८.६ टक्क्यांपर्यंत भरली. अधिक आश्चर्याची गोष्ट अशी की, प्रयोगशाळेच्या स्वच्छ वातावरणात वंगण बदलल्याने या आकड्यात लक्षणीय फरक पडला नाही. मग बाजारात एवढ्या बाटल्या कशासाठी, असा प्रश्न कोणाही हिशेबी माणसाला पडेल. उत्तर रस्त्यावर आहे. प्रयोगशाळेत धूळ नसते, चिखल नसतो, जुलैचा पाऊस नसतो. वाळूचा सूक्ष्म कण तेलात मिसळून पिनेपाशी शिरला की ते तेल वंगण राहत नाही, ते घासकामाचे मिश्रण बनते. तेव्हा कोणते तेल अधिक गुळगुळीत, हा प्रश्न गौण ठरतो. कोणते वंगण आपल्या भागातील धूळ कमी धरते आणि आपल्या भागातील पावसात टिकते, एवढेच पाहायचे असते.

‘आजोबांच्या सायकलीला तर कसलेही तेल चालत असे,’ असे घराघरांतून ऐकू येते, आणि ते खोटे नाही. त्या काळ्या, दणकट सायकलीला गिअर नव्हते, साखळी रुंद होती आणि अनेकदा ती पत्र्याच्या बंद आवरणात फिरत असे. धूळ आत जातच नव्हती. आजची साखळी अरुंद आणि उघडी असते, शिवाय एका चक्रावरून दुसऱ्यावर तिरकी जाते. तिला जुना न्याय लावता येत नाही.

घरातील तेलांपैकी शिवणयंत्राचे तेल फार पातळ. ते पिनेपर्यंत जाते खरे, पण लवकर निथळते आणि पहिल्याच सरीत धुऊन जाते. काहीच नसल्यापेक्षा बरे, इतकेच त्याचे मोल. स्वयंपाकाचे तेल हवेशी संयोग होऊन चिकट राळेसारखे होते, आणि खोबरेल तर सुमारे २४ अंशांखाली थिजते. गॅरेजमधील जळके ऑइल फुकट मिळते म्हणून वापरणारे पुष्कळ आहेत. त्यात इंजिनातील धातूचा चुरा आणि ज्वलनाची आम्ले असतात, म्हणजे झीज थांबवण्यासाठी झिजेचाच माल आणल्यासारखे होते. ग्रीस बाहेरच बसते, आत उतरत नाही. डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा डबा बहुतेक घरांत असतो. त्याच्या नावातच पाणी हटवणे हा हेतू आहे. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात ते गंजरोधक म्हणून तयार झाले. गंजलेली जागा मोकळी करण्यास ते उत्तम, परंतु साखळीवर टिकणारे वंगण म्हणून ते पुरेसे नाही; ती कंपनी स्वतः सायकलीच्या साखळीसाठी वेगळी वंगणे विकते.

सायकलीच्या दुकानात मिळणारी वंगणे ढोबळमानाने तीन जातींची. ‘वेट’ नावाचे वंगण तेलकटच राहते. पाऊस सोसते, पण धूळ ओढते. कोकणात, घाटमाथ्यावर आणि एकूणच चातुर्मासात तेच योग्य. ‘ड्राय’ जातीत वंगणाचा अंश उडून जाणाऱ्या द्रवात मिसळलेला असतो. द्रव उडाला की मेणासारखा पातळ थर मागे राहतो. सोलापूर-लातूरच्या कोरड्या, धुळीच्या रस्त्यांना हे मानवते, मात्र एका जोरदार पावसानंतर ते पुन्हा घालावे लागते. तिसरा मार्ग वितळलेल्या पॅराफिन मेणात साखळी बुडवण्याचा. साखळी कमालीची स्वच्छ राहते, हात काळे होत नाहीत. पण त्यासाठी साखळी काढून तिच्यावरील सारे तेल आधी धुवावे लागते आणि मेण पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवूनच तापवावे लागते. थेट ज्योतीवर मेण पेट घेऊ शकते. सवड आणि चिकाटी असणाऱ्यानेच या वाटेला जावे. इतरांनी दोन छोट्या बाटल्या घ्याव्यात, एक पावसाळ्याची आणि एक उरलेल्या आठ महिन्यांची.

येथे लेबल वाचण्याची सवय उपयोगी पडते. पूर्वी साखळीला ग्रॅफाइट आणि प्राण्यांची चरबी यांचे मिश्रण लावले जाई. आजची बहुतेक वंगणे खनिज किंवा कृत्रिम तेलांची असली, तरी काहींत मेंढीच्या लोकरीतून निघणारे लॅनोलिन किंवा मधमाशांचे मेण असते. ज्या घरांत मधही वर्ज्य आहे, त्यांनी विकत घेण्याआधी विचारावे. पॅराफिन मात्र खनिज तेलापासून मिळते.

कोणतीही बाटली आणली तरी मळक्या साखळीवर नवे वंगण ओतणे व्यर्थ आहे. आधी ब्रश आणि डिग्रीझर, किंवा तेही नसेल तर भांड्यांचा साबण आणि गरम पाणी वापरून साखळी धुवावी आणि पूर्ण कोरडी करावी. रॉकेल चालते, पण ते पूर्ण उडून जाईपर्यंत थांबावे लागते. मागे राहिलेले रॉकेल नवे वंगण पातळ करते. पेट्रोल घरात वापरूच नये. सर्व्हिसिंग सेंटरमधील पाण्याचा जोरदार फवाराही टाळावा, कारण ते पाणी चाकांच्या बेअरिंगमध्ये शिरते. नवी साखळी मात्र धुऊ नये. कारखान्यातील ग्रीस पिनेपर्यंत पोहोचलेले असते.

त्यानंतर पायडल उलटे फिरवत प्रत्येक रोलरवर एकच थेंब. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर ११४ कड्यांना सहा मिलिलिटरही लागत नाहीत; ६० मिलिलिटरची बाटली दहा वेळा पुरते. हा हिशेब कळला की महाग वाटलेली बाटली स्वस्त वाटू लागते. ड्राय वंगण असेल तर आदल्या रात्री घालावे, म्हणजे द्रव उडण्यास वेळ मिळतो. शेवटी कोरड्या चिंधीने साखळी बाहेरून पुसून काढावी, अगदी कोरडी दिसेपर्यंत. पुष्कळांना हे वंगण वाया घालवणे वाटते, पण जे पुसले जाते ते धूळ धरणारेच असते.

डिस्क ब्रेकची सायकल असेल तर फवाऱ्याचा डबा दूर ठेवावा. तेलाचा सूक्ष्म तुषार चकतीवर बसला तर ब्रेक पॅड तेल पितात, ब्रेक लागत नाही, आणि मुलाच्या सायकलीचा ब्रेक उतारावर न लागणे म्हणजे काय हे सांगायला नको.

साखळी बदलायची वेळ ओळखण्यासाठी पोलादी फूटपट्टी पुरते. साखळी ताणून एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवावे. पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. ती सुमारे दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर नवी साखळी घ्यावी, चक्रे बहुधा वाचतात. तीन मिलिमीटर पुढे गेली असेल तर चक्रांचे दातेही झिजलेले असतात, आणि त्यांच्यावर नवी साखळी नीट बसत नाही. कोरड्या दिवसांत ही फूटपट्टी दोन महिन्यांनी लावली तरी चालते, पावसाळ्यात दर महिन्याला.