विहिरीवरील मोटारीस पुरेसा दाब मिळतो काय?

विहिरीवरील मोटार कळ दाबताच नुसती गुरगुरते, तापते व अखेर जळते, अशी तक्रार पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. दोष मोटारीचा समजून ती दुरुस्तीस नेली जाते. तथापि खरा दोष अनेकदा मीटरपासून विहिरीपर्यंत नेलेल्या बारीक तारेत असतो. तो साध्या हिशेबाने ओळखता येतो.

पाटाचे पाणी उतारामुळे वाहते, तशी तारेतील वीज दाबामुळे वाहते. दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये व तारेचा रोध ओहममध्ये मोजतात. जर्मन शास्त्रज्ञ ओहम यांनी १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार दाब म्हणजे प्रवाह व रोध यांचा गुणाकार होय. तिहींपैकी दोन ठाऊक असल्यास तिसरे काढता येते.

समजा, विहीर मीटरपासून २०० मीटर दूर आहे. वीज एका तारेने जाते व दुसरीने परतते. म्हणून लांबी ४०० मीटर धरावी. अडीच चौरस मिलिमीटर छेदाच्या अ‍ॅल्युमिनियम तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२.१ ओहम, म्हणजे ४०० मीटरला ४.८४ ओहम असतो. एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोटार ७ अँपिअर प्रवाह घेत असल्यास,

७ × ४.८४ = सुमारे ३४ व्होल्ट

इतका दाब तारेतच खर्ची पडतो. मीटरपाशी २३० व्होल्ट असले, तरी मोटारीस ढोबळ मानाने १९६ व्होल्टच मिळतात. सुरू होताना मोटार कित्येक पट प्रवाह घेते, तेव्हा घट आणखी वाढते. तार १० चौरस मिलिमीटरची घेतल्यास रोध १.२३ ओहम होतो व घट ९ व्होल्टांच्या आत राहते.

तारेत वाया जाणारी वीज काढण्यासाठी प्रवाहाच्या वर्गास रोधाने गुणावे. बारीक तारेत ती २३७ वॉट, तर जाड तारेत ६० वॉट येते. रोज सहा तास मोटार चालल्यास जाड तारेमुळे दररोज सुमारे एक युनिट वाचते.

मोटार चालू असताना परवानाधारक तारतंत्र्याकडून दोन्ही टोकांचा दाब मोजून घ्यावा. फरक हिशेबाहून बराच अधिक आल्यास एखादा सांधा सैल वा गंजलेला आहे असे समजावे. मीटरपाशीच दाब कमी असेल, तर तार बदलण्यात पैसा घालू नये. वीजपुरवठा कार्यालयास कळवावे. ग्रामसेवकांनी हा हिशेब नवीन मोटार बसविण्यापूर्वीच शेतकऱ्यांस करून दाखवावा.