वर्षावासाचे वाचन आणि आपले डोळे

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. अलीकडे ग्रंथाऐवजी मोबाईल हातात धरून वाचणारे उपासक-उपासिका दिसतात. तासाभरात डोळे चुरचुरतात, डोके जड होते. मग विचारणा होते, ते वाचनाचे वेगळे यंत्र, ई-रीडर, घ्यावे का?

आधी डोळ्यांचे पाहू. मोबाईलने डोळे कायमचे जातात, हा समज खरा नाही. एरवी आपण मिनिटाला साधारण 15 वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे एकटक पाहताना हे प्रमाण निम्म्यावर येते, डोळ्यातला ओलावा सुकतो आणि चुरचुर सुरू होते. त्यात अक्षर बारीक, मोबाईल नाकाजवळ आणि खोलीत अंधार!

ई-रीडरचा पडदा कागदासारखा असतो. तो स्वतः उजळत नाही, बाहेरचा उजेड परतवतो. दिवा असलाच तर तो कडेने पडद्यावर पडतो. म्हणून दुपारच्या उन्हात दारात बसूनही अक्षर स्वच्छ दिसते. एकदा चार्ज केले की कित्येक दिवस पाहावे लागत नाही. शिवाय मध्येच व्हॉट्सअप वाजत नाही. माझ्या मते खरा फायदा हाच. पापण्या मिटायला मात्र माणूस तिथेही विसरतो. दर 20 मिनिटांनी 20 फूट लांबचे काहीतरी 20 सेकंद पाहावे, हा नियम छापील पुस्तकालाही लागू आहे.

घेण्यापूर्वी आपण वाचतो काय, ते तपासा. कादंबऱ्या, आत्मचरित्रे वाचणाऱ्यास सहा इंची यंत्र पुरते. ई-बुकात अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. बाबासाहेबांचे शासनाने काढलेले खंड मात्र बहुतेकांकडे पीडीएफ स्वरूपात असतात, म्हणजे पानांचे फोटोच. ते पान सहा इंचांत बसवले की अक्षर मुंगीएवढे होते. मोठे करावे तर ओळ पडद्याबाहेर जाते. त्यासाठी दहा इंची पडदा लागतो आणि तो बराच महाग पडतो. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना नकाशे, रंगीत तक्ते लागतात. त्यांना साधा टॅब बरा. दुकानदार काहीही सांगो, आपली एक मराठी फाईल उघडून दाखवायला सांगा. ‘प्रज्ञा’, ‘आर्य अष्टांगिक मार्ग’ ही जोडाक्षरे तुटत असतील तर ते यंत्र आपल्या कामाचे नाही.

वर्षातून दोन-तीन पुस्तके वाचणाऱ्या घराने एवढा खर्च करू नये. विहाराच्या ग्रंथालयातला छापील ग्रंथ आणि डाव्या बाजूने येणारा चांगला उजेड पुरेसा आहे. विहार समितीने एक मोठे यंत्र घेऊन ते आळीपाळीने वापरायला दिले तर अधिक उत्तम.

आणि चाळिशी ओलांडलेल्यांनी यंत्राआधी डोळे तपासावेत. पुस्तक लांब धरावेसे वाटते, तेव्हा दोष पडद्याचा नसतो. जवळचा चष्मा लागलेला असतो. तो चारचौघांत लावायची आपल्या आयाबहिणींना अजून लाज वाटते, म्हणून वाचनच सुटते. साखरेचा आजार असणाऱ्यांनी तर वर्षातून एकदा सरकारी दवाखान्यात डोळ्याचा आतला पडदा तपासून घ्यावा, दिसायला काही त्रास नसला तरीही.