जुन्या मोटारीचा मूळ रंग कसा ओळखावा?



आपल्या सातारा-सांगलीकडे जुनी मोटार कोणी चटकन मोडीत घालत नाही. दारात नवी गाडी येते, पण वडिलांच्या वेळची फियाट किंवा अॅम्बॅसडर मागच्या छपरात विटांवर उभी राहते. तिच्यावर कडबा रचला जातो, कोंबड्या बसतात. मग एके दिवशी नातवाच्या मनात येते की ही गाडी पुन्हा रस्त्यावर आणावी, आणि ती पूर्वी होती तशीच दिसावी. इंजिन कारागीर दुरुस्त करतो, रबर-काचाही शोधून मिळतात. अडते ते रंगापाशी. चुलते म्हणतात, गाडी आकाशी होती. आत्या म्हणतात, छे, हिरवट होती. दोघांनाही मनापासून तसेच आठवते, पण रंगाची आठवण ही फार कच्ची गोष्ट आहे.

मग रंगाचा पंचनामा कसा करायचा? आज हेच पाहू. त्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की धरा: पंचनामा होईपर्यंत गाडीचा पत्रा खरवडू द्यायचा नाही. गॅरेजमध्ये पहिल्याच दिवशी सगळा रंग काढून पत्रा उघडा करण्याची घाई असते. एकदा रंग उतरला की खरा साक्षीदार गेला. तो पुन्हा बोलावता येत नाही.

प्रथम कागदपत्रे पाहा. आरसी बुकात गाडीचा रंग नोंदलेला असतो. गाडी साताऱ्याची एमएच-११ असो, सांगलीची एमएच-१० असो, किंवा त्याहून जुन्या क्रमांकाची, ही नोंद उपयोगी पडते. मात्र तिथे नुसते ‘निळा’ किंवा ‘पांढरा’ एवढेच लिहिलेले असते. निळा म्हणजे आकाशी की शाईसारखा, हे त्यावरून कळत नाही. लग्नातले जुने फोटोही काढून पाहा, पण त्यांच्यावर फार विसंबू नका. काळ्या-पांढऱ्या फोटोत लाल आणि गडद हिरवा हे दोन्ही रंग सारखेच करडे दिसू शकतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो काळाबरोबर लालसर होत जातात. तेव्हा कागद आणि फोटो यांनी फक्त दिशा दाखवावी. निकाल मोटारीनेच द्यावा.

आता मोटारीकडे वळू. रंग म्हणजे काय? एक बारीक पूड, आणि त्या पुडीला पत्र्यावर धरून ठेवणारे द्रव्य. ऊन हे द्रव्य खाते. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या भागात उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या टपावरून हात फिरवा. बोटांना खडूसारखी पूड लागेल. धरून ठेवणारे द्रव्य गेले आणि पूड सुटी झाली, असा याचा अर्थ. उलट महाबळेश्वर, पाचगणी, पाटणकडच्या पावसात रंग वरून बरा दिसतो, पण खालून गंज चढतो आणि फोड येतात. सांगलीत २०१९ च्या महापुरात ज्या गाड्या बुडाल्या, त्यांच्या सांधी-कोपऱ्यांत गाळ बसला आणि तिथे ओल टिकून राहिली. म्हणून टप, बॉनेट आणि दारांचा खालचा भाग यांची साक्ष घेऊ नये.

साक्ष घ्यावी ती झाकलेल्या जागांची. दाराच्या रबरी पट्टीखाली, नंबर-प्लेटच्या मागे, डिकीतल्या चटईखाली, डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला, दिव्याच्या कड्याखाली, दाराच्या बिजागरीपाशी. या जागांवर ऊन पडत नाही आणि पुढे रंगवताना रंगारीही तिथवर सहसा पोचत नाही. मात्र एका जागेवर थांबू नका, निदान चार जागा पाहा. पंचनाम्याला एकच पंच चालत नाही, तसेच इथेही आहे. जुन्या गाडीचे एखादे दार किंवा मडगार्ड अपघातानंतर दुसऱ्याच गाडीचे बसवलेले असते. रंगाखाली लांबी भरलेली दिसली, तर तो भाग ठोकून दुरुस्त केलेला आहे असे समजा आणि त्याची साक्ष बाजूला ठेवा.

झाकलेल्या जागेवरही नंतरचा हात मारलेला असेल, तर थर उलगडावे लागतात. जुन्या वाड्याची भिंत खरवडली की चुन्याचे एकावर एक थर दिसतात; तसेच हे. रुपयाच्या नाण्याएवढी जागा निवडा. पाणी लावून चारशे नंबरचा बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने गोल फिरवा, मग हजार नंबरचा. मधोमध उथळ खळगा होतो आणि भोवती खोडाच्या वर्तुळांसारखी रंगांची वर्तुळे उमटतात. बाहेरचे वर्तुळ सर्वांत नवे, आतले सर्वांत जुने. मधोमध पत्रा दिसेल, त्याला लागून तांबडा किंवा करडा अस्तराचा थर दिसेल. आता नीट लक्ष द्या! अस्तरालाच कित्येक जण मूळ रंग समजतात. मूळ रंग असतो तो या सर्वांत खालच्या अस्तराच्या लगेच वरचा. तो मिळाला की कंपाउंड लावून चकाकी येईपर्यंत घासा, कारण निस्तेज रंग नेहमी फिका दिसतो.

हा रंग कोणत्या जातीचा, हेही पाहावे. कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवून कोपऱ्यात टेकवा. रंग विरघळून कापसाला लागला, तर तो नायट्रोसेल्युलोजचा. सुरकुतला, तर हवेवर वाळणारा तेलकट एनॅमल. काहीच झाले नाही, तर भट्टीत भाजलेला किंवा अलीकडचा दोन द्रव्ये मिसळून केलेला रंग. यामागे थोडा इतिहास आहे. मोटारी नव्या होत्या तेव्हा रंग वाळायला आठवडे लागत. फोर्डची मॉडेल टी ही गाडी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्याच रंगात मिळे. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत नायट्रोसेल्युलोजचा लवकर वाळणारा ‘ड्युको’ रंग आला आणि मोटारी रंगीबेरंगी झाल्या. आपल्याकडचे सुतार चकचकीत फवाऱ्याच्या रंगाला ‘डुको’ म्हणतात, तो शब्द तिथून आला. १९५७ ते २०१४ पर्यंत निघालेली अॅम्बॅसडर, किंवा १९६४ ची फियाट डिलाइट, जी १९७४ पासून पद्मिनी या नावाने ओळखली गेली, या गाड्या छपरात उभ्या असतील, तर त्यांच्यावर मागाहून दोन-तीन वेळा वेगवेगळ्या जातींचे रंग चढलेले असणे अगदी शक्य आहे.

पांढऱ्या गाडीची एक गंमत सांगतो. तेलकट एनॅमल अंधारात पिवळसर होतो. म्हणून चटईखालचा तुकडा सायीच्या रंगाचा निघतो आणि मालकाला वाटते, गाडी मुळात क्रीम होती. असा संशय आला तर झाकण काढून तो तुकडा काही दिवस उजेडात राहू द्या. पिवळेपणा कमी झाला, तर गाडी पांढरीच होती असे समजावे.

आता रंग जुळवणे. साडी दुकानातल्या दिव्याखाली एक दिसते आणि बाहेर उन्हात दुसरीच दिसते, हा अनुभव आपल्या माताभगिनींना चांगला आहे. दोन रंग एका उजेडात सारखे आणि दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात, कारण त्यांतली पूड वेगवेगळी असते. म्हणून नमुना तीन उजेडांत पाहावा: सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान सावलीत, नंतर घरातल्या पिवळ्या दिव्याखाली आणि शेवटी पांढऱ्या दिव्याखाली. तिन्हीकडे जुळला तरच जुळला म्हणायचे. डब्यातला ओला रंग पाहून निर्णय कधीच करू नये. वाळल्यावर तो बदलतो. पत्र्याच्या तुकड्यावर आधी गाडीवर लावणार तेच अस्तर लावा, त्यावर काळी-पांढरी रेघ मारा आणि ती पुरती झाकेपर्यंत रंगाचे हात द्या. चांगला वाळू द्या. मग तो तुकडा मूळ रंगाला अगदी खेटून धरा.

मोठ्या शहरांत रंगविक्रेत्यांकडे आता स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाचे यंत्र असते. कोणत्या लांबीची प्रकाशलहर रंगावरून किती परत येते हे मोजून ते मिश्रणाचे प्रमाण सुचवते. त्याला सपाट, घासून चमकवलेली जागा लागते, म्हणून आपला तो नाण्याएवढा खळगा थोडा मोठा करावा लागेल. यंत्राने दिलेला रंग ही सुरुवात समजावी. शेवटचा थेंब डोळ्यानेच घालायचा असतो. आपल्या देशात तयार रंगांसाठी ‘आयएस ५’ हे भारतीय मानक आहे आणि त्यात प्रत्येक छटेला क्रमांक आहे. सोनेरी पिवळा ३५६, याप्रमाणे. जवळची छटा त्यात सापडली, तर क्रमांक लिहून ठेवा. नुसत्या नावापेक्षा क्रमांक कधीही खात्रीचा.

दोन इशारे मात्र विसरू नका. जुन्या पिवळ्या, केशरी, लाल रंगांत शिसे असू शकते. म्हणून कोरडे घासू नये, पाणी लावूनच घासावे. मुले जवळ नसावीत, आणि तो चोथा विहिरीजवळ किंवा गोठ्यात टाकू नये. दोन द्रव्यांचा आधुनिक रंग फवारताना निघणाऱ्या वाफेने दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून ते काम करू नये. योग्य मुखवटा आणि हवेशीर जागा असलेल्या कारागिराकडेच ते द्यावे. गाडीचा रंग आरसी बुकातल्या नोंदीहून निराळा होणार असेल, तर परिवहन कार्यालयात तशी नोंद करून घ्यावी. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. तेव्हा मूळ रूप जपल्याचा हाही एक फायदा आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक सोपा प्रयोग सुचवतो. रंगीत कागदाचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून तो वर्गाच्या उन्हाच्या खिडकीत महिनाभर ठेवा. दर सोमवारी मुलांना फरक लिहायला सांगा. लाल आधी उडतो की निळा, हे मुलांनीच शोधावे. जुन्या गाडीच्या रबरी पट्टीखाली रंग का टिकतो, हे मग त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.

गाडी रंगवून झाली, तरी डिकीच्या आतला किंवा डॅशबोर्डमागचा मूळ रंगाचा तळहाताएवढा तुकडा तसाच राखावा. त्यावर नवा हात मारू नये. आपण काढलेला निष्कर्ष बरोबर होता की नाही, हे उद्या कोणाला तपासायचे झाले, तर त्याला पुरावा हवा. रंगवलेल्या पत्र्याचा तुकडाही पाकिटात घालून, त्यावर तारीख, छटेचा क्रमांक आणि मिश्रणाचे प्रमाण लिहून आरसी बुकाबरोबर ठेवावा. म्हणजे पुढच्या पिढीत चुलते आणि आत्या यांचा वाद पुन्हा निघाला, तर तो पाकीट उघडून मिटवता येईल.