वरातीचा बँड कुठून कुठे!

मंडळी, निफाड-लासलगावकडच्या वरातीत ट्रंपेट, क्लॅरिनेट अन् ढोलाचा बँड तुम्ही ऐकलाच असेल. अशीच वाद्ये अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरी मयतालासुद्धा वाजत. जाताना संथ चाल, परतताना मात्र नाचायला लावणारी! ट्रंपेटवाल्याने चाल धरायची, क्लॅरिनेटवाल्याने तिच्याभोवती मनाप्रमाणे खेळायचे. या वादनाला डिक्सीलँड जाझ म्हणतात. त्याची पहिली तबकडी १९१७ ची.

मुंबईच्या हॉटेलांत गोव्याचे वादक जाझ वाजवीत. त्यांतले नामांकित ट्रंपेटवाले चिक चॉकलेट. नाव गमतीचे खरे. पाळण्यातले आंतोनिओ झेवियर वाझ. संगीतकार सी. रामचंद्रांनी त्यांना हाताशी धरले आणि १९५१ च्या ‘अलबेला’त तो ठसका उतरला. हे रामचंद्र म्हणजे आपले चितळकर, जन्म १९१८, पुणतांब्याचा. नाशिकची गोदामाई खाली त्याच गावावरून जाते.

सिनेमाची गाणी बँडवाल्यांनी गावोगावी नेली. आता डीजेच्या भिंतींपुढे त्यांच्या सुपाऱ्या घटल्या आहेत, आणि त्यांची कमाई तर लग्नसराईचीच. तुळशीचे लग्न लागले की तुमच्याही घरी तारखा निघतील. सुपारी देण्याआधी एकदा तालमीला जाऊन बसा. ट्रंपेटवाला चाल कशी धरतो, ते कान देऊन ऐका, आणि मगच विसार द्या.