पत्र्याखालची पेटी

सकाळी 6:30
अंबड तालुका, जिल्हा जालना. मोटारसायकलला एकीकडे हत्यारांची पिशवी, दुसरीकडे वायरचं भेंडोळं. सौरपंप जोडणारा हा वायरमन कंत्राटदाराकडे कामाला आहे. नव्या जोडणीचे पैसे मिळतात. तक्रारीला गेलं तर नुसतं पेट्रोल, तेही बिल मंजूर झाल्यावर. आज टाकीत दोनशेचं टाकलं.

8:00
नवी जोडणी. पाच एकरांचा शेतकरी, म्हणून पाच एचपी. 2024 पासूनच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत त्याने दहा टक्के भरले. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाचच टक्के. बाकी सरकारचे. 540 वॅटच्या नऊ प्लेटा. एकेक उचलायला दोघं लागतात. जोडीदाराची हजेरी पाचशे. सांगाडा ओळंब्यात, बोल्ट आवळले, अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा, मीठ, वर पाणी.

10:45
पाणी आलं. शेतकऱ्याने पाइपाला हात जोडले. मग फोटो: माणूस, प्लेटा, मोटर एकत्र. प्लेटांचे नंबर, मोटरचा नंबर मोबाइलमध्ये भरायचे. रेंज नाही. वायरमन बांधावर चढून फोन उंच धरतो. फोटो चढला की जोडणी झाली.

12:30
दुसरं गाव, मोसंबीची बाग. तक्रार अशी की भर उन्हात, पाणी सगळ्यात जास्त यायला हवं तेव्हाच, मोटर बंद पडते.
“मामा, रोज याच वेळेला?”
“रोज. सावली आली की आपोआप चालू.”
कंट्रोलरची पेटी सांगाड्याच्या उघड्या बाजूला. हात टेकवत नाही. आतलं तापलं की कंट्रोलर स्वतःला वाचवायला मोटर थांबवतो. त्याने पेटी सोडवली, प्लेटांच्या मागे सावलीत हलवली, वर वीतभर अंतर ठेवून पत्रा ठोकला. वारा खेळायला अंतर हवंच, पत्रा चिकटवला तर उपयोग नाही. हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. वीसेक मिनिटांत मोटर चालू. पत्रा 180 रुपयांचा. मामांनी शंभर दिले, वरचे ऐंशी त्याचे.
आता नोंद. मोबाइलमध्ये पर्याय: प्लेट, मोटर, वायर, कंट्रोलर. पुढे ‘दुरुस्त’ किंवा ‘बदलला’. पत्रा कुठे लिहायचा? पंप किती तास चालला, हे सिमकार्डवरून रोज वर जातं. पेटीवर ऊन कुठून येतं, ते जात नाही. सरकारने पंपाचे पैसे मोजले. या माणसाने शेतात शोधलेली युक्ती त्याच पैशात मिळत होती. ती पुढच्या निविदेत यायला हवी.

1:30
भाकरी, ठेचा. मामा विचारतात, “बागेचं पाणी झालं की प्लेटा बसूनच. कडबाकुट्टी चालंल का यावर?”
2019 च्या केंद्राच्या कुसुम योजनेत तशा कंट्रोलरची तरतूद आहे. कुट्टी, पिठाची गिरणीही चालते.
“ती पेटी वेगळी येते, मामा.”
“मग तीच का नाही दिली?”
त्याने पाण्याचा तांब्या उचलला.

4:00
तिसरीकडे प्लेट फुटलेली. पाच वर्षांची देखभाल आणि विमा आहे. फोटो काढला, अर्ज भरला.

6:15
हार्डवेअरचं दुकान. दोन पत्रे, 360 रुपये, वहीवर उधार.
“उद्या दोन नव्या जोडण्या. आधीच ठोकून टाकतो. मेमध्ये फुकटचा हेलपाटा नको.”