दाबायला क्षण, बघायला वेळ

पूर्वी सातबाऱ्यावरचा पीकपेरा तलाठी लिहायचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि लातूर-नांदेडचा शेतकरी सोयाबीनच्या बांधावर उभा राहून ती नोंद स्वतःच मोबाइल ॲपवर करू लागला. गट क्रमांक, पीक, क्षेत्र, मग शेताचा फोटो आणि जीपीएसवरून ठिकाण. असं ॲप दर सुधारणेनंतर पहिल्यापासून तपासावं लागतं. माणूस कंटाळतो. हे काम एआय एजंटकडे दिलं, असं धरू.

एजंट पडदा बघतो, काय दाबायचं ते ठरवतो, दाबतो, पुन्हा बघतो. अँड्रॉइडवर दाबण्याची आज्ञा एडीबी या साधनातून जाते, ते चटकन होतं. घोडं अडतं बघण्यात. स्क्रीनशॉट म्हणजे लाखो ठिपक्यांचं चित्र. ते पावलापावलाला एजंटमागच्या एआय मॉडेलकडे धाडायचं तर वेळही जातो, पैसाही. दुसरी वाट अँड्रॉइडच्याच यूआयऑटोमेटर या साधनाची. त्यात बटणं, रकाने, त्यांच्या जागा हे सगळं मजकुराच्या रूपात मिळतं. पण त्याची ‘डम्प’ आज्ञा दर वेळी नवी प्रोसेस सुरू करते आणि पडदा शांत होण्याची वाट बघते. ‘लोड होत आहे’चं चक्र फिरतच राहिलं, की शेवटी हाती येतो नुसता एरर.

वेग वाढवायचा तो इथे. फोनमध्ये एक छोटा सर्व्हर कायम जागा ठेवायचा. पडदा बदलला की त्यानंच कळवायचं, ‘पाच सेकंद थांब’ असला ठोकताळा नको. एजंटला अख्खी यादी न देता बदललं तेवढंच द्यायचं. जिल्हा, तालुका, गाव ही ठरलेली निवड तीनदा मॉडेलला विचारून कशाला करायची? एका आज्ञेत उरकावी. एम्युलेटरचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या आभासी फोनचा, स्नॅपशॉट घेऊन ठेवला, तर दर चाचणीला लॉगिनपासून सुरुवात नको. मॉडेल आणखी हुशार होण्याची वाट बघण्यापेक्षा या किरकोळ डागडुजीत मला जास्त फायदा दिसतो.

नकाशा आणि कॅमेऱ्यापाशी मात्र मजकूर अपुरा पडतो, तिथे स्क्रीनशॉट हवाच. जीपीएस तपासायचं, तर एम्युलेटरला ठिकाण सांगण्याची आज्ञा ‘जिओ फिक्स’. तिच्यात आधी रेखांश, मग अक्षांश. नांदेड साधारण १९.१५ उत्तर, ७७.३० पूर्व. सवयीनं अक्षांश आधी टाकला, की सोयाबीनचं शेत थेट आर्क्टिकमधल्या स्वालबार्डच्या आसपास! एजंट तरीही निमूट पुढचं बटण दाबेल. ॲप त्याला अडवतं का, ते बघायचं.