पर्ल, ग्रुप आणि परवानग्या: गैरसमज व वस्तुस्थिती

‘प्रोसेस ग्रुप’ म्हणजे परवानग्यांचा मामला, हा पहिला घोळ. युनिक्समध्ये प्रोसेस ग्रुप ही सिग्नलच्या सोयीसाठी बांधलेली मोट असते. कंट्रोल-सी दाबल्यावर टर्मिनलवर समोर चालू असलेलं सगळं एकदम थांबावं म्हणून. फाइल उघडेल की नाही, हे ठरवताना कर्नल प्रोसेसचा इफेक्टिव्ह ग्रुप आयडी आणि पूरक ग्रुपांची यादी बघतो.

पर्ल भाषेत हे खऱ्या ग्रुपसाठी $( आणि इफेक्टिव्ह ग्रुपसाठी $) या दोन चलांतून दिसतं. त्यात एकच आकडा असतो असं समजून चाचणी लिहिली की ती रडते. स्ट्रिंग म्हणून छापा, ‘1000 1000 4 27’ असं काही येईल: पहिला आकडा ग्रुप आयडी, पुढची यादी गेटग्रुप्स या सिस्टिम कॉलने दिलेली. त्या यादीत इफेक्टिव्ह ग्रुप धरायचा की नाही, हे पॉझिक्सने प्रत्येक सिस्टिमवर सोडलंय. म्हणून आयडी कमांडच्या उत्तराशी अक्षरशः तुलना करू नये. दुबार आकडे काढून, क्रम लावून मगच करावी.

युजरला नव्या ग्रुपमध्ये घातलं, तरी चालू प्रोसेसला त्याचा पत्ता नसतो. नुसतं ‘आयडी’ चालू प्रोसेसचे ग्रुप सांगतं, पुढे युजरचं नाव दिलं की नोंदवहीतले. जुन्या टर्मिनलमध्ये दोन्ही उत्तरं वेगळी येतात. अशा वेळी दोष पर्लचा नसतो.

सर्वांत महागात पडणारी समजूत: रूटने $) ला एक आकडा दिला की जुने ग्रुप सुटले. सुटत नाहीत! पूरक यादी तशीच राहते. ती झटकायला तोच आकडा दोनदा द्यावा लागतो, ‘1000 1000’ असा, आणि तोही युजर आयडी सोडण्याआधी; नंतर तो अधिकारच उरत नाही. शिवाय बदल फसला तरी पर्ल स्क्रिप्ट थांबवत नाही. एरर सांगणारं $! तपासलं नाही, तर चाचणी खुशाल पास होते. साध्या युजरने चालवलेली चाचणी यातलं यश तपासूच शकत नाही. त्यासाठी रूट हवा, कंटेनरमधला का होईना.

आणि ग्रुप कमी केले की परवानग्या कमीच होतात, हेही खरं नाही. 604 परवानगीची फाइल ग्रुपच्या सदस्याला वाचता येत नाही, पण बाहेरच्याला येते. म्हणजे ग्रुप सोडताच दार उघडतं. याच कारणाने लिनक्स 3.19 पासून साध्या युजरने बनवलेल्या युजर नेमस्पेसमध्ये ग्रुप आयडींची जुळणी (मॅपिंग) करण्याआधी, पूरक यादी बदलणारा सेटग्रुप्स कॉल बंद करावा लागतो.